तांबड्याचा खांदा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी सासऱ्यांच्या बैलाच्या खांद्यावरचं कातडं वजरीनं घासून काढलं. वजरी सासूबाईंची होती, टाचा घासायची.

हे मी शुद्धीत असताना केलं. शास्त्र शिकवणारा मास्तर म्हणून भूमच्या शाळेत माझी नेमणूक झालेली होती आणि त्याच आठवड्यात मी नववीच्या पोरांना प्राण्यांच्या शरीरातल्या ऊती शिकवल्या होत्या. माझं स्वतःचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. राज्य बदललं, भाषा बदलली, आणि मला पोरांच्या आधी एक दिवस धडा पाठ करायची वेळ आली. आच्छादक ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती. आदल्या दिवशी हे शब्द मी चुलीपुढं बसून घोकायचो आणि दुसऱ्या दिवशी जन्मापासून पाठ असल्यासारखे फळ्यावर लिहायचो. नवीन शिकलेलं ज्ञान नव्या जोड्यासारखं असतं. कुठंतरी घालून मिरवल्याशिवाय चैन पडत नाही.

तशात पोळा आला. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, बेंबळीला होती. मी एसटीनं उस्मानाबाद आणि तिथून बेंबळी गाठली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू घेऊन बैल राबला, तो खांदा ऊन पाण्यानं शेकायचा, हळद-तूप लावून मळायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." घरातला कर्ता माणूस हे करतो. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, दोनच बैल. एक पांढरा, बाजारातून आणलेला. दुसरा तांबडा, घरच्या गाईचा. तो जन्मला तेव्हा माझी बायको परकराच्या ओच्यात सरकी घेऊन त्याच्यामागं हिंडायची म्हणे. मामांनी त्या दिवशी तांबड्याचा खांदा माझ्यापुढं केला. जावयाचा मान.

"मळा मास्तर," ते म्हणाले. "लई राबलाय."

आणि ते पांढऱ्याला धुवायला आडावर गेले.

मी ऊन पाणी टाकलं, तूप लावलं. हाताला तो घट्टा लागला. जुवाखाली वर्षानुवर्षं दबून कातडं जाड, राठ, भेगाळलेलं झालेलं. माझ्या डोक्यात धडा सुरू झाला. वरच्या पेशी मेलेल्या, एकावर एक थर. मेलेलं ओझं हे मुकं जनावर कशाला वागवतंय, असं मला वाटलं. न्हाणीच्या दगडावर वजरी दिसली. ऊन पाण्यानं घट्टा मऊ झालाच होता. घासायला लागलो तर पापुद्रे सुटायला लागले. तांबडा डोळे मिटून उभा. मला वाटलं, सुखावला. मग मला आणखीच चेव आला. कांद्याची सालं काढावीत तसा मी एकेक थर उतरवत गेलो. खाली गुलाबी दिसायला लागलं तेव्हा मी मनात म्हणालो, हं, ही जिवंत ऊती. आणि मग बारीक लाल ठिपके उमटले.

आच्छादक ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. रक्त दिसलं याचा अर्थ मी एक प्रकरण संपवून पुढच्या प्रकरणात शिरलो होतो. आणि मला त्याच क्षणी आठवलं की पहिल्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य, जे मी पोरांकडून एका सुरात म्हणून घेतलं होतं, ते असं होतं: आच्छादक ऊतीचं मुख्य कार्य म्हणजे खालच्या भागाचं संरक्षण करणं.

मामा पांढऱ्याला घेऊन आले. त्यांनी तांबड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उचलला. तळहात बघितला. बैलाला म्हणाले, "आता उद्या मिरवायचा कसा रे तुला?"

इथं सासूबाईंचं सांगायला पाहिजे. त्या माझ्याशी थेट कधीच बोलत नसत. जावयाशी तोंड वर करून बोलायची त्यांच्याकडं रीत नव्हती. मला वाढायचं असलं तर लेकीला सांगायच्या, "अगं, इचार, भाकरी पायजे का?" लेक जवळ नसली तर कोंबडीला सांगायच्या, मांजराला सांगायच्या, अगदीच कुणी नसलं तर भिंतीला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यांचं एक वाक्य माझ्या नावानं आलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्या अंगणात आल्या, बैलाकडं बघितलं, पदर पुढं ओढला आणि खुराड्यातल्या कोंबडीला म्हणाल्या, "माझी वजरी कुणी नेली गं? भवाने, तू नेलीस का?"

वजरी माझ्या पाठीमागं होती. कोंबडीनं काही सांगितलं नाही. मी वजरी हळूच कडब्याच्या गंजीत सारली.

दुसऱ्या दिवशी पोळा. मामांनी तांबड्याच्या खांद्यावर हळदीचा एवढा मोठा थर दिला की लांबून बैलानं पिवळा गळपट्टा बांधल्यासारखं दिसावं. शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि मानेवर हे. आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात, मंगलाष्टका म्हणतात. शेजारच्या वावराचे काका मोठे बेरकी. सगळ्या गावापुढं मामांना म्हणाले, "दादा, समद्यांच्या बैलांचं लगीन झालं. तुमच्याच नवरदेवाची हळद अजून उतरंना व्हय?" सगळे हसले. मामाही हसले. मी झुलीचे आरसे नीट करत राहिलो.

हसण्यावारी जाईल असं वाटत होतं, पण गेलं नाही. पोळ्यानंतर मामांनी वैरण आणायला गाडी जुंपली आणि अर्ध्या वाटेवर तांबडा थांबला. जुवाला रक्त. मग पाऊस, चिखल, माश्या. खांदा चिघळला. रब्बीची ज्वारी पेरायची ती हस्ताचा पाऊस झाला की. जमिनीत ओल असते तेवढे थोडे दिवस, त्यात तिफण फिरली तर घरात वर्षाची भाकरी, नाही तर नाही. आणि तिफणीला दोन बैल लागतात. मामांकडं दीडच राहिला होता.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा अंगणात शेणी पेटवलेल्या होत्या आणि त्यात लोखंडी सळई घातलेली होती. शेजारचे काका उकिडवे बसले होते.

"डाग द्यायचा," मामा म्हणाले. "काका म्हणतेत, डागलं की जखम सुकती."

बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पोट बरंच पुढं आलेलं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की आता तरी तोंड उघडा.

मी म्हणालो, "मामा, डागू नका. नवं कातडं जखमेच्या मधून येत नाही. कडेकडेनं आत सरकत येतं. डागलं तर ती कडच जळून जाईल."

"पुस्तकात हाय?"

"आहे."

"बैलाचं पुस्तक?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "पुस्तकात बेडकाचं आहे."

काकांनी तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली. "बेडूक काय तिफण वढतंय व्हय, मास्तर?"

मामांनी विस्तवातल्या शेणी पांगवल्या. मग उठले, सळई काढली आणि पाण्याच्या घंगाळात बुडवली. चर्र आवाज झाला. काका गेल्यावर मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "एक डाव तुमच्या हातात खांदा दिला, कातडं गेलं. आता दुसऱ्यांदा देतो. गावात कुणाला सांगू नका. येडं म्हणतेल मला."

त्या दिवसापासून माझी परीक्षा सुरू झाली. एवढा अभ्यास मी कॉलेजातही केला नव्हता. जखम रोज कडुनिंबाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची, माश्या बसू नयेत म्हणून भोवतीनं करंजाचं तेल लावायचं, आणि जू लावायचं नाही. बायकोनं तिच्या जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं शिवलं, नाड्या लावल्या. काठाला जर होती. "असू दे," ती म्हणाली. "त्याला बी माहेरची साडी." आठवडाभर हे सगळं मामा करायचे. शनिवारी शाळा अर्धी सुटली की मी एसटीत. कंडक्टर ओळखीचा झाला होता. त्याला वाटायचं बायकोच्या ओढीनं जातोय, आणि तो डोळे मिचकावून जागा द्यायचा. मी बैलाचा खांदा बघायला चाललोय हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

पहिल्या खेपेला काही दिसलं नाही. दुसऱ्या खेपेला जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या बारक्या दाण्यांसारखं लाल दिसायला लागलं. मामांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मांस वर येतंय. मी म्हणालो, ही भर आहे, संयोजी ऊती खड्डा भरून काढतेय, हिच्याशिवाय वरचं छप्पर बसणार नाही. बोललो ठामपणे. पण परत जाताना एसटीत पुस्तक तीनदा उघडून बघितलं, ते बेडकाचंच होतं.

आणि मग एका रविवारी सकाळच्या उन्हात ते दिसलं. जखमेच्या कडेनं एक फिकट, पातळ, निळसर गुलाबी पट्टी. दूध तापवून ठेवलं की साय जशी आधी भांड्याच्या कडेला धरते आणि मग हळूहळू मधे येते, तशी. मी मामांना हाक मारली. ते वाकले, चष्मा नसल्यामुळं डोळे बारीक केले, बोट जवळ नेलं आणि लावलं नाही.

"ह्ये आपोआप?" ते म्हणाले.

"आपोआप."

"कुणी सांगितलं त्याला, कुठवर यायचं ते?"

हे पुस्तकात नव्हतं. मी म्हणालो, "समोरची कड भेटली की थांबतं."

मी निघताना त्यांनी मला पहिल्यांदा शेंगा बांधून दिल्या. त्या शेंगा सासूबाईंनी मांजराच्या साक्षीनं भाजल्या होत्या.

तांबडा मात्र मला विसरला नव्हता. मी अंगणात आलो की त्याच्या पाठीचं कातडं नुसतं थरथरायचं. माशी बसल्यावर बैल पाय न हलवता कातडं झटकतो ना, तसं. कातड्याखाली स्नायूंचा एक पातळ पडदा असतो, तो हे काम करतो. माझी गणना माशीत झाली होती. आणि हे त्या पडद्याला सांगणारं कोण, तर चेता ऊती, जिच्यात वजरीची खरखर कायमची जाऊन बसली होती. मामा त्याचं तोंड धरून कुरवाळायचे तेव्हाच मला खांद्याजवळ जाता यायचं. मी शाळेत परत जाऊन हा धडा पुन्हा शिकवला. मुख्याध्यापक म्हणाले, ऊती तर झाल्या होत्या. मी म्हणालो, उजळणी.

हस्ताचा पाऊस झाला. जमिनीला पेरण्याजोगा वाफसा आला. खांद्यावर कातडं आलं होतं, पण कसलं, नुकत्याच फुटलेल्या पानासारखं, केस नाहीत, नखानं ओरखडेल असं. त्यावर जू ठेवणं म्हणजे पुन्हा पहिला दिवस. मामा सकाळी बांधावर जायचे, मूठभर माती उचलून दाबायचे, परत यायचे. जेवताना घास हातात धरून बसायचे. सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "चार दिसांत ओल उडंल."

मग मी काकांकडं गेलो. त्यांची पेरणी उरकली होती. म्हणालो, "काका, तुमचा एक बैल द्या, मामांच्या पांढऱ्याच्या जोडीला. बदल्यात मी तुमच्याकडं राबतो. दसऱ्याची सुट्टी आहे." बैलाच्या बदल्यात बैल देतात, बैलाच्या बदल्यात माणूस राबतो, हे गावाला नवीन नव्हतं. मास्तर राबतो हे नवीन होतं. काकांनी मला खालून वरपर्यंत बघितलं, बाजारात बघतात तसं. दात तेवढे मोजले नाहीत.

"कुंदा खणाल?"

कुंदा म्हणजे काळ्या रानातलं एक चिवट गवत. त्याची मुळं पाताळात जातात. कुदळीनं खणून, हातानं उपसून काढावा लागतो. मी "खणतो" म्हणालो, कारण मला कुंदा माहीत नव्हता.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही तळहातांवर फोड आले. संध्याकाळपर्यंत फुटले. काका बांधावर बसून बिडी ओढत होते. "मास्तर, कुदळ हाय ती," ते म्हणाले. "खडूवानी चिमटीत धरू नका." दुसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून गेलो. तिकडच्या रानात मामा तिफण हाकत होते, पांढरा आणि काकांचा बैल. तांबडा बांधावर मोकळा उभा राहून माझ्याकडं बघत होता. मला वाटलं तो चरत असेल, पण नाही, तो बघतच होता.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर हात उताणे ठेवून बसलो होतो. भाकरी मोडता येईना. बायको जड पायानं आली, शेजारी बसली. वाटीत तूप होतं, वर चिमूटभर हळद. माझे तळहात मांडीवर घेतले आणि ऊन पाण्यानं शेकून हळूहळू मळायला लागली. फोडाच्या कडेकडेनं, मधे बोट न लावता. लिंबाखाली तांबडा रवंथ करत होता. मळून झाल्यावर तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी हसलो आणि मग मला हसू आवरून डोळे पुसावे लागले. हात तुपाचे असल्यामुळं बाहीनं पुसले. आत चुलीपुढं भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाई ऐकत होत्या.

पेरणी झाली. शेवटची चिंचोळी पट्टी राहिली होती, ओढ्याच्या कडेची. मामांनी त्या दिवशी काकांचा बैल परत केला, जुनं घोंगडं फाडून जुवाला जाड गुंडाळलं आणि तांबड्याला हाक मारली. मला म्हणाले, "तुम्ही लिंबाखाली थांबा. तुमच्या वासानं बिथरंल."

मी लिंबाखाली थांबलो. तांबड्यानं मान खाली घातली आणि आपण होऊन जुवाखाली दिली. मामा तिफणीवर जोर न देता, जणू काचेचं भांडं हाकावं तसे चालले. पट्टीच्या टोकाला जाऊन वळले. परत आले. जू उतरवून त्यांनी खांद्यावर तळहात ठेवला, उचलला, बघितला. मग तो हात माझ्या दिशेनं उंच धरला. एवढ्या लांबून मला काय दिसणार? पण त्यांनी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. कोरडा होता.

त्या मोसमात त्यांनी तांबड्याला रोज थोडं थोडंच जुंपलं. घट्टा धरायला वेळ लागतो. माझ्या तळहातांनाही लागला. ज्वारी गुडघ्याला लागली तोवर माझ्या बोटांच्या बुडाशी चार टणक उंचवटे तयार झाले होते आणि मी ते वर्गात पोरांना दाखवले. एका पोरानं विचारलं, सर, हे कशानं? मी म्हणालो, आच्छादक ऊतीनं.

दिवाळीच्या आगंमागं मुलगी झाली. मी पोचलो तेव्हा बाळ फडक्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेले, तोंड मुठीएवढं. कातडं इतकं पातळ की कानाच्या पाळीतून उजेड यावा. मामा तिच्यापासून हातभर लांब बसले होते. मी म्हणालो, घ्या ना मामा. त्यांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले आणि धोतराला पुसले. "नगं," ते म्हणाले. "माझं हात खरखरीत. खुपंल तिला." मग त्यांनी बोटाच्या पाठीनं, जिथं घट्टा नसतो तिथनं, तिच्या गालाला एकदा शिवून घेतलं आणि बाहेर गेले. तांबड्याशी काहीतरी बोलत असल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई न्हाणीत पाय पसरून बसल्या. पायांवर बाळ, शेजारी तेलाची वाटी. बायको आतल्या खोलीत झोपलेली. त्यांचा हात बाळाच्या पाठीवरून असा फिरत होता की बाळ मधूनच उसासे टाकत होतं. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन बसलो. वाटीत दोन बोटं बुडवली आणि विचारलं, "मामी, मी लावू का जरा?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी पदर पुढं ओढला. डावीकडं बघितलं. कोंबडी नव्हती. मांजर नव्हतं. भिंत होती, पण ती पाठीमागं होती आणि पायांवर बाळ असल्यामुळं त्यांना वळता येईना. त्यांनी माझ्या तुपाहळदीनं भरून आलेल्या, घट्टे पडलेल्या तळहातांकडं बघितलं, मग सरळ माझ्या तोंडाकडं. लग्नानंतर पहिल्यांदा.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही निस्तं लांबनं बगा. बैल व्हता म्हणून निभावला. आन् गंजीतली माझी वजरी आणून द्या."